कायदेकौन्सिलांतून स्थानिक मंडळांत : नामदार गोखले यांची उतरती पायरी आणि कर्जत-खालापूरचीं दप्तरें

आमच्या संग्राहक बंधूंची दृष्टि बहुधा १८१८ च्या अलीकडे येत नाहीं. मोडी कागद, त्यावरील शिक्कामोर्तब, एखादी सनद, निवाडपत्र किंवा महजर हातीं आला म्हणजे आम्हांस कृतकृत्य वाटतें; आणि त्याच गांठोड्यांत बाळबोध टाइपांत छापलेली लोकल बोर्डाच्या सभेची कार्यपत्रिका निघाली तर ती आम्ही सहज बाजूस सारतों. या दोषापासून आम्ही स्वतःही मुक्त नव्हतों. कांहीं वर्षांपूर्वीं कर्जत स्टेशनाजवळच्या एका रद्दीवाल्याकडे सुतळीनें बांधलेला एक गठ्ठा आम्हांस वजनाच्या भावानें मिळाला. वर दोन-तीन जुन्या खाजगी पत्रांचे कागद दिसले म्हणून आम्ही तो घेतला. घरीं येऊन सोडून पाहतों तों आंत सगळे तालुका लोकल बोर्डाचे सुटे कागद. विहिरीच्या दुरुस्तीचें अंदाजपत्रक, शाळेच्या छपराला कौलें मिळावींत अशी मागणी, धर्मशाळेच्या भिंतीची तक्रार, पावसाळ्यानंतर रस्त्यावर टाकावयाच्या खडीचा हिशेब. चौकशी करतां कळलें कीं एका कचेरीनें जागा मोकळी करण्यासाठीं असे पुष्कळ कागद काढून टाकले होते, आणि त्यांतला मोठा वांटा आम्ही पोंचण्यापूर्वींच लगद्यासाठीं गेला होता. त्या कचेरीचें नांव घेण्यांत आतां अर्थ नाहीं.

त्या कागदांनीं आमच्यापुढें एक प्रश्न उभा केला. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बोर्डांत उमेदवारी करून पुढें कायदेकौन्सिलांत गेलेले गृहस्थ आम्हांस डझनावारी ठाऊक आहेत. परंतु याच्या उलट, कायदे करणाऱ्या सभेंत बसून आलेला माणूस नंतर स्थानिक मंडळाचा प्रमुख झाला, असें उदाहरण आपल्या प्रांतांत आहे काय? असल्यास त्यानें तेथें काय नेलें? आणि नसल्यास कां नाहीं? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर आधीं ही शिडी कशी बांधली गेली तें पाहिलें पाहिजे.

अथर्ववेदांत सभा आणि समिति या प्रजापतीच्या दोन कन्या म्हणून वर्णिल्या आहेत. त्यांतली ग्रामाची कोणती व राष्ट्राची कोणती याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं, आणि त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. त्या दोघी बहिणी आहेत, एक स्वामिनी व दुसरी दासी नव्हे, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. इंग्रजी अमलांत ज्या दोन प्रकारच्या सभा या देशांत उत्पन्न झाल्या त्यांच्यांत मात्र जन्मापासून असा भगिनीभाव नव्हता. स्थानिक सभेचा जन्म करांतून झाला. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या तिसऱ्या कायद्यानें साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून घेण्यास कायद्याचा आधार मिळाला. त्या पैशाचे दोन वांटे रस्ते, विहिरी, धर्मशाळा इत्यादि कामांस आणि एक वांटा शाळांस जाई. पैसा रयतेचा, म्हणून तो खर्च करतांना रयतेच्या चार माणसांस विचारावें, इतकीच त्यावेळच्या कमिट्यांमागची कल्पना होती. लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव निघाला आणि त्यानें या कल्पनेस नवें वळण दिलें : खर्च नीट व्हावा हा हेतु दुय्यम, लोकांस राज्यकारभाराचें शिक्षण मिळावें हा मुख्य. या ठरावास अनुसरून १८८४ सालीं मुंबईचा लोकल बोर्डाचा कायदा झाला व तालुका बोर्डें आणि जिल्हा बोर्डें अस्तित्वांत आलीं.

शिक्षणाचा हेतु मुख्य खरा, परंतु शाळेचा हेडमास्तर कलेक्टरच राहिला. जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानीं कलेक्टर, तालुका बोर्डाच्या अध्यक्षस्थानीं प्रांतसाहेब, आणि त्यांच्या डाव्या-उजव्या हातांस लोकनियुक्त व सरकारनियुक्त सभासद, असा कारभार पुष्कळ वर्षें चालला. लोकांतला माणूस अध्यक्ष होऊं लागण्यास विसाव्या शतकाचें दुसरें दशक संपत यावें लागलें, आणि ती गोष्ट कायद्यानें पक्की झाली ती १९२३ च्या लोकल बोर्डाच्या कायद्यानें. म्हणजे पहिलीं चाळीस वर्षें जिल्ह्याच्या मंडळाची मुख्य खुर्ची लोकनियुक्त माणसास मोकळीच नव्हती. वरच्या सभेंतून खालीं उतरून तेथें बसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

या व्यवस्थेंत आमच्या तालुक्याची स्थिति थोडी चमत्कारिक होती. आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याचें १ जानेवारी १९८१ पर्यंतचें नांव कोलाबा. परंतु कर्जत तालुका मूळचा कोलाब्याचा नव्हे. खालापूर त्यावेळीं कर्जताचा पेटा होता, आणि पेट्यासह हा सर्व मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडे. १८९१ सालीं तो कोलाब्यास जोडला गेला. ज्यांना कर्जतचे जुने कागद हवे असतात ते अलिबागेस हेलपाटे घालतात व रिकाम्या हातीं परततात. १८९१ पूर्वींच्या कारभाराचा माग ठाण्याकडे काढावयाचा असतो हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. त्या काळीं जिल्ह्यांचे भाग पाडलेले असत. ठाणें उत्तर भागांत, गुजराथच्या जिल्ह्यांबरोबर. कोलाबा दक्षिण भागांत, बेळगांव-धारवाडाबरोबर. तेव्हां एका हुकुमासरशीं कर्जतचा शेतकरी सुरत-भडोचेचा सोबती होता तो धारवाड-कारवारचा सोबती झाला. उल्हास आणि पाताळगंगा मात्र होत्या तेथूनच वाहत राहिल्या.

ही वांटणी नकाशापुरती नव्हती. १८९२ च्या हिंदी कौन्सिलांच्या कायद्यानें प्रांतिक कायदेकौन्सिलांत थोड्या जागा निवडणुकीनें भरण्याची वाट मोकळी झाली, आणि लोकल बोर्डें हीं त्या निवडणुकीचे मतदारच बनलीं. लो. टिळक १८९५ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गेले ते मध्यभागांतल्या लोकल बोर्डांतर्फे. घाटमाथ्यावरचें मावळ पुणें जिल्ह्यांतलें, म्हणून मध्यभागांत. घाटाच्या पायथ्याचें कर्जत त्याबाहेर. खंडाळ्याचा चढ येथें राजकीय सीमाही होता म्हणावयाचा.

आतां शिडी पुरी दिसते. खालच्या मंडळानें वरच्या मंडळावर माणूस निवडावयाचा. बोर्डांनीं कौन्सिलावर निवडावयाचा. आणि प्रांतिक कौन्सिलांतल्या बिनसरकारी सभासदांनीं कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलावर एक निवडावयाचा. प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीसाठीं मत देते. अशा रचनेंत चढणें स्वाभाविक, उतरणें अस्वाभाविक. आपल्याकडील लोकांस मानाची हांव फार म्हणून कोणी उतरत नाहीं, असें म्हणण्याची चाल आहे. ती आम्हांस अर्धवट वाटते. मनुष्यस्वभावापूर्वीं कायद्यानेंच तोंड वर केलेलें होतें.

तरीही एक माणूस उतरला, आणि तो लहानसहान नव्हता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राचा हा भाग वरिष्ठ कौन्सिलांतल्या त्यांच्या भाषणांच्या तेजांत झांकून गेला आहे. गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कोतळूक गांवीं झाला; त्यांचें बहुतेक सार्वजनिक आयुष्य पुण्यास गेलें. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले, तेही मध्यभागांतल्या लोकल बोर्डांच्याच जागेवर. त्या कौन्सिलांतलीं त्यांचीं दोन वर्षें शेतसाऱ्याच्या कायद्यांतील दुरुस्तीच्या बिलामुळें प्रसिद्ध आहेत. १९०१ च्या ऑगस्टांत पुण्याच्या बैठकींत सर फिरोजशहा मेथा यांची सूचना फेटाळली गेली आणि ते सभागृह सोडून निघाले. गोखलेही त्यांच्यामागून बाहेर पडले, हा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार येतो. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याच वर्षींचें दुसरें बिल अधिक महत्त्वाचें आहे. मुंबईबाहेरील शहरांच्या म्युनिसिपालिट्यांसाठीं नवा कायदा त्या कौन्सिलापुढें होता; गोखले त्यावर बोलले; आणि तो १९०१ चा तिसरा कायदा म्हणून मंजूर झाला.

पुढचा योग पाहा. त्याच वर्षाच्या अखेरीस गोखले वरिष्ठ कौन्सिलावर निवडले गेले. २६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणानें त्यांनीं सर्व देशाचें लक्ष वेधून घेतलें. त्याच वर्षीं ते फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. आणि त्यानंतरच्या चार-पांच वर्षांत ते पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. जो कायदा होत असतां ते कौन्सिलांत बसले होते, त्याच १९०१ च्या कायद्याखालीं पुण्याची म्युनिसिपालिटी चालत होती. कलमाचा अर्थ काय होईल असा तर्क ज्यानें सभागृहांत केला, त्यानेंच तें कलम गटाराच्या कांठीं उभें राहून लावावयाचें, असा हा प्रकार. व्याकरण शिकविणाऱ्या मास्तरास एक दिवस स्वतः पत्र लिहावयास बसवावें तसें आम्हांस हें दिसतें. आणि मास्तरकींत आयुष्य गेल्यामुळें त्यांतली अडचण आम्हांस चांगली कळते.

येथें एक आक्षेप निघेल. गोखले खरोखर उतरले काय? वरिष्ठ कौन्सिलाची जागा त्यांनीं सोडली नव्हती. हिंवाळ्यांत कलकत्त्यास मिठावरील कराविषयीं बोलावें आणि परत येऊन पुण्याच्या पाण्याचा, सफाईचा, प्लेगाच्या बंदोबस्ताचा विचार करावा, असा त्यांचा क्रम होता. हिंदसेवक समाज १९०५ च्या जूनांत निघाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काशीच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. शिवाय पुण्याची म्युनिसिपालिटी म्हणजे शहराचें मंडळ, जिल्ह्याचें नव्हे. दोन्ही गोष्टी आम्ही मान्य करतों. जिल्ह्याच्या मंडळाची खुर्ची कलेक्टराकडे होती हें वर सांगितलेंच आहे; तेव्हां जिल्ह्यापेक्षां लहान अशा मंडळाखेरीज लोकनियुक्त माणसास दुसरी जागाच नव्हती. आणि दोन्ही पदें एकाच वेळीं संभाळणें हें उतरणें नव्हे असें म्हटलें, तर ज्याच्यापाशीं कलकत्त्याचें सभागृह होतें त्यानें शहराच्या सफाईचें दप्तर आपणहून कां मागून घ्यावें, याचें उत्तर आक्षेपकानेंच द्यावें.

आमचें उत्तर त्यांच्या पुढच्या कामांत आहे. राज्यकारभाराच्या विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठीं १९०७ सालीं जें कमिशन नेमलें गेलें त्यापुढें गोखले यांची साक्ष झाली. गांवीं पंचायत असावी, तालुक्याचें मंडळ लोकनियुक्त असावें, आणि जिल्ह्यांत कलेक्टराच्या जोडीस लोकांच्या प्रतिनिधींचें एक मंडळ असावें व महत्त्वाच्या बाबतींत त्यानें त्याचा सल्ला घ्यावा, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. १९१५ च्या फेब्रुवारींत मृत्यूपूर्वीं त्यांनीं सुधारणांचें जें टांचण लिहून ठेवलें, त्यांतही जिल्ह्याचा कारभार विसरलेला नाहीं. सर्व देशाच्या राज्यघटनेचा विचार करतांना ज्याचें लक्ष तालुक्यावरून ढळत नाहीं, अशा माणसानें तालुक्यासारख्याच लहान मंडळाचा हिशेब कधींतरी स्वतः तपासलेला असतो.

त्यांचें १९११ चें प्राथमिक शिक्षणाचें बिल याच दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखें आहे. १६ मार्च १९११ रोजीं तें वरिष्ठ कौन्सिलांत आलें व पुढल्या वर्षाच्या मार्चांत १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. त्याची रचना मात्र थोडेच पाहतात. सरकारनें देशभर एकदम सक्ती करावी असें तें म्हणतच नव्हतें. ज्या म्युनिसिपालिटीस किंवा जिल्हा बोर्डास सक्ती हवी असेल त्यानें सरकारची संमति घेऊन ती आपल्या हद्दींत लागू करावी. खर्चाचे दोन वांटे सरकारनें व एक वांटा त्या मंडळानें सोसावा. आणि मुळांत त्या हद्दींतले निदान शेंकडा ३३ मुलगे आधींच शाळेंत असले पाहिजेत, असा गोखले यांनीं सुचविलेला हिशेब होता. ही रचना म्युनिसिपालिटीच्या खुर्चींत बसलेल्या माणसास सुचण्यासारखी आहे. तिजोरी किती रिकामी असते व कोणता बोजा तिला पेलेल, हें त्यानें आधीं पाहिलेलें होतें.

मात्र हेंच बिल कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवर ठेवून पाहिलें म्हणजे त्याची दुसरी बाजूही दिसते. ठाकूर व कातकरी यांच्या वस्त्या, पावसाळ्यांत तुटणाऱ्या वाटा, आणि जेथें शाळाच नाहीं तेथें शेंकडा ३३ मुलगे शाळेंत कोठून असणार? बिल मंजूर झालें असतें तरी आमच्या तालुक्याच्या निम्म्या भागास त्याचा स्पर्श कित्येक वर्षें झाला नसता, असें आमचें अनुमान आहे. शहराच्या मंडळावर बसलेल्या माणसास शहराचीं माणसें दिसतात. गोखले यांच्याविषयींचा आमचा आदर हें लिहिल्यानें उणा होत नाहीं.

आतां १९०१ च्या त्या कायद्याचा माग काढीत घाट उतरून आमच्या तालुक्यांत येऊं. पुण्याहून मुंबईस जातांना गोखले यांची आगगाडी कर्जतावरून जाई, त्याच लोहमार्गावर पुढें नेरळ स्टेशन लागतें. येथून वर दिसतो माथेरानचा डोंगर. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं या डोंगराची जागा हेरली व साहेबलोकांची वस्ती तेथें सुरू झाली. १९०५ सालीं माथेरानास म्युनिसिपालिटी मिळाली, ती याच १९०१ च्या कायद्याप्रमाणें. डोंगरावरची छोटी आगगाडी त्यानंतर दोन वर्षांनीं, १९०७ सालीं, सुरू झाली. म्हणजे ज्या सालांत गोखले पुण्याच्या कारभारांत गुंतले होते, त्याच सालांत त्यांच्यासमोर घडलेला कायदा आमच्या डोंगरावर चढला.

आणि त्याच कायद्याखालीं पुढें त्या डोंगरावर जो मनुष्य निवडून आला त्याचें नांव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानास एका न्हावी कुटुंबांत झाला. ते वकील झाले आणि १९४१ सालीं माथेरान म्युनिसिपालिटीचे उपाध्यक्ष झाले. खालच्या वाड्यांतून त्यांनीं स्वयंसेवी शाळा काढल्या व सावकाराच्या दाढेंतून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या उघडल्या. पावसाळ्यांत ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्यानें कोठींतून न्यावा आणि पीक आल्यावर परत करावा, अशी ही योजना. गोखल्यांच्या बिलानें ज्या वस्त्या बाहेर राहिल्या असत्या, त्याच वस्त्यांत ह्या शाळा निघाल्या हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कायदेमंडळाची पायरी मात्र कोतवालांनीं कधीं चढली नाहीं. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्यांच्या हौतात्म्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व तें योग्यच आहे. त्यांच्या म्युनिसिपालिटींतल्या अल्प कारकीर्दीविषयीं मात्र आम्हांस फारसें लिखाण आढळलें नाहीं. सभेचीं प्रोसीडिंगें हाच त्याचा आधार, आणि असे कागद लगद्याच्या वाटेनें कसे जातात तें आम्ही वर सांगितलें आहे.

१९१९ च्या सुधारणांनीं स्थानिक स्वराज्य हें खातें लोकनियुक्त मंत्र्याकडे आलें, आणि १९२३ च्या कायद्यानें जिल्हा बोर्डाची खुर्ची मोकळी झाली. तेव्हां कायदेमंडळ व स्थानिक मंडळ यांचा संबंध अधिक जवळचा व्हावयास हवा होता. तो झाला, परंतु उतरूं लागले ते ठराव. याचें ठळक उदाहरण आमच्या कोलाबा जिल्ह्यांतच आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या हा श्री. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें, सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकारानें, ५ जानेवारी १९२४ रोजीं तो स्वीकारला. चवदार तळ्यावरचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चांत झाला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें होतात त्या दिवशीं, त्याच म्युनिसिपालिटीनें आपला ठराव रद्द केला! पुढें कज्जा हायकोर्टापर्यंत गेला व १९३७ च्या मार्चांत अस्पृश्यवर्गाच्या बाजूनें संपला. मुंबईस झालेला ठराव महाडास पोंचण्यास पांच महिने लागले, पाण्यास पोंचण्यास साडेतेरा वर्षें. ठराव खालीं आला. त्याला तेथें धरून ठेवणारें बहुमत आलें नाहीं. कौन्सिलांतला बोलणारा माणूस स्वतः खालच्या खुर्चींत येऊन बसला असता तर भेद पडला असता कीं नाहीं, हें आम्ही वाचकांच्या विचारावर सोपवितों.

माणूस उतरल्याचें एक उदाहरण महाराष्ट्राबाहेर, परंतु नागपूर-वऱ्हाडाशीं एका प्रांतांत बांधलेल्या मुलुखांत मिळतें. पं. रविशंकर शुक्ल हे स्वराज्य पक्षातर्फे मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलांत गेले होते; त्यानंतर १९२७ पासून पुढें कित्येक वर्षें ते रायपूर डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष राहिले व त्यांनीं जिल्ह्याच्या शाळांना राष्ट्रीय वळण लावण्याचा प्रयत्न केला. पुढें १९३७ सालीं शिक्षणमंत्री होऊन विद्यामंदिर योजना काढणारे शुक्ल ते हेच. त्याच प्रांतांत, वऱ्हाडांत, डॉ. पंजाबराव देशमुख यांचा क्रम उलटा, म्हणजे नेहमींचा : आधीं अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचें अध्यक्षपद व १९३० सालीं मंत्रिपद. साताऱ्याचे बाळासाहेब देसाई हेही आधीं जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष व मग १९५२ पासून आमदार.

स्वातंत्र्यानंतर शिडीची घडण बदलली. तालुका बोर्डें तर १९३८ सालींच मोडलीं होतीं. वसंतराव नाईक समितीचा अहवाल १९६१ सालीं आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. नांवें संस्कृत आलीं ही आम्हांस संतोषाची गोष्ट. धर्मशास्त्रांतली परिषद् संदिग्ध धर्माचा निर्णय देणारी विद्वानांची सभा होती, आतांच्या परिषदेपुढें संदिग्ध असतें तें बहुधा रस्त्याचें बिल, पण तें असो. या समितीनें दोन गोष्टी केल्या. कलेक्टर परिषदेबाहेर ठेवला. आणि आमदार-खासदारांस परिषदेचें पदसिद्ध सभासदत्व दिलें नाहीं. गोखले यांना कलेक्टराजवळ बसणारें मंडळ हवें होतें. मिळालें तें कलेक्टराविना बसणारें. दुसऱ्या गोष्टीचा परिणाम आमच्या प्रश्नावर सरळ होतो. आमदारास जिल्हा परिषदेचा अध्यक्ष व्हावयाचें तर त्यानें एखाद्या गटांतून पुन्हां नव्यानें निवडून यावयाचें, आणि तेंही अडीच वर्षांच्या व आरक्षणाच्या पाळीनें फिरणाऱ्या पदासाठीं. कोण येईल? रायगड जिल्ह्यांतच पाहावें तर श्री. सुनील तटकरे १९९२ सालीं जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, १९९५ सालीं आमदार. त्यांच्या कन्या श्रीमती अदिती तटकरे २०१७ सालीं अध्यक्ष, २०१९ सालीं श्रीवर्धनहून आमदार. पिढी बदलली, शिडीचें तोंड बदललें नाहीं.

हें सर्व जगाचें नियमच आहेत असें मात्र नव्हे. अमेरिकेंत जिल्ह्यास कौंटी म्हणतात व कित्येक मोठ्या कौंट्यांचा मुख्य कारभारी सर्व मतदार थेट निवडतात. त्याच्या हातांत अंदाजपत्रक असतें, नोकरवर्ग असतो, आणि मुदत ठरलेली असते. त्यामुळें तेथें राज्याच्या विधिमंडळांतला सभासद कौंटीच्या प्रमुखपदासाठीं उभा राहतो व त्यास कोणी उतरणें म्हणत नाहीं. गॅरी लॉक हे १९८३ पासून दहा-अकरा वर्षें वॉशिंग्टन राज्याच्या प्रतिनिधिगृहांत होते. १९९४ पासून सिअॅटल शहर ज्यांत आहे त्या किंग कौंटीचे प्रमुख झाले. १९९७ सालीं त्याच राज्याचे गव्हर्नर, आणि पुढें चीनमध्यें अमेरिकेचे राजदूत. तेथें खुर्चींत अधिकार आहे, म्हणून माणूस येतो. आपल्याकडे गोखले आले तेव्हां खुर्चींत अधिकार थोडा व कटकट फार होती.

आतां संग्राहक बंधूंस एक विनंती. कर्जत व खालापूर या भागांतील लोकल बोर्डाचीं १९३८ पूर्वींचीं प्रोसीडिंगें, सभेच्या नोटिसा, मतदारांच्या छापील याद्या, किंवा माथेरान म्युनिसिपालिटीचे १९०५ पासूनचे वार्षिक रिपोर्ट कोणाच्या घरीं, वाड्यांत, जुन्या वकिलाच्या कपाटांत असतील तर ते मोडी कागदांइतकेच जपावे. १८९१ पूर्वींचे ठाण्याकडील निघाल्यास फारच उत्तम. मूळ कागद देण्यास अडचण असेल तर नकल किंवा छायाचित्रही चालेल. आमच्या जवळचा गठ्ठा आम्ही कागदवार लावून ठेवला आहे. त्यांत एका विहिरीच्या दुरुस्तीचा अर्ज तीन निरनिराळ्या वर्षांत तीन वेळां आलेला आहे, आणि तिसऱ्या अर्जावर कोणाची तरी लाल शाईची सही आहे. ती सही कोणाची हें ओळखूं शकेल असा कोणी जुना कर्जतकर वाचकांत असल्यास त्यानें अवश्य कळवावें.